तुकोबांचे तीन डोंगर

पुण्याहून लोणावळ्याच्या बाजूस निघालेल्या आगगाडीत खिडकीशी जागा मिळालेल्या पुणेकरास डोंगर दृष्टीस पडला, की त्याच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न ‘हा किल्ला कोणता?’ असाच असतो. आणि मळवलीच्या आसपास लोहगड-विसापूरची जोडी दिसू लागली म्हणजे या प्रश्नाचे समाधान इतक्या तत्परतेने व इतक्या अनेक मुखांनी होते, की विचारणाराला आपण उगाच विचारले असे वाटावे. परंतु त्याच्या बरेच अलीकडे, देहूरोड सोडून गाडी बेगडेवाडी आणि घोरावाडी या दोन चिमुकल्या स्थानकांवरून तळेगावकडे जात असता जो एक डोंगर जवळ येतो, त्याच्याविषयी हाच प्रश्न केला तर सोबतचा मनुष्य ‘तो किल्ला नाही’ एवढेच सांगतो आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो. तो घोरावडेश्वराचा डोंगर. इंद्रायणी ओलांडून पलीकडे गेले, की देहूपासून दोनएक कोसांवर भंडारा लागतो. आणि त्याच्याही पलीकडे, चाकणच्या पश्चिमेस, शिंदे-वासुली या गावांच्या माथ्यावर भामचंद्र उभा आहे, ज्याला जुनी माणसे भामगिरी म्हणत. या तिन्ही डोंगरांना मिळून एक बुरूज नाही, एक दरवाजा नाही, आणि बखरीत सांगण्याजोगा एक वेढाही नाही; तथापि मराठी भाषेतील सर्वांत थोर कवी आपल्या उण्यापुऱ्या बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ज्यांच्याकडे पुनःपुन्हा गेला, ते डोंगर हेच होत.

मावळात आणि मावळाच्या सीमेवर किल्ला न होता राहून जाणे हे डोंगराच्या दृष्टीने पाहिले तर मोठे दैव म्हटले पाहिजे. बोरघाटाच्या वाटेवर नजर ठेवणारी राजमाची, तिच्या पाठीशी लोहगड-विसापूर, पवनेच्या खोऱ्यात तुंग-तिकोना, आणि खाली चाकणचा तो भुईकोट, जो १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे छप्पन्न दिवस झुंजवला. शिवाय पुढे इंदुरीस दाभाड्यांची गढी झाली ती निराळीच. अशा या लष्करी मुलखात घाटमाथ्याच्या रांगेपासून सुटून देशाकडे सरकलेल्या या तीन डोंगरांची कोणाही राज्यकर्त्यास गरज भासली नाही. दप्तर डोंगराला ओळखते ते त्याच्या हवालदार-सबनीस-कारखानिसावरून, शिबंदीच्या आकड्यावरून, दारूगोळ्याच्या आणि धान्याच्या कोठारावरून, टाक्यांत किती महिन्यांचे पाणी आहे त्यावरून. ज्या डोंगरावर यांपैकी काहीच नाही तो दप्तराच्या लेखी गुरेचराईचे रान. किल्ल्याच्या डोंगरावर मनुष्य आपल्या मर्जीने जाऊ शकत नाही आणि मर्जीने उतरूही शकत नाही. रायगडच्या हिरकणीची कथा खरी असो वा रचलेली, तिच्यात एवढे सत्य निःसंशय आहे, की सूर्य मावळल्यावर गडाचा दरवाजा आईलाही उघडत नाही. भामचंद्राला दरवाजाच नव्हता. माझी अशी समजूत झाली आहे, आणि ती वारंवार त्या बाजूस हिंडल्याने दृढ होत गेली आहे, की तुकोबांना डोंगर मिळाले याचे एक साधे ऐहिक कारण हे, की ते डोंगर दुसऱ्या कोणालाही नको होते.

तुकोबांचा जन्म शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८ चा, असे सामान्यतः मानतात. घराणे देहूच्या पेठेची महाजनकी सांभाळणारे. महाजनकी म्हणजे बाजारावर देखरेख आणि त्याबद्दलचे हक्क-लाजिमे. जातीने कुणबी, व्यवसायाने वाणी, आणि पूर्वज विश्वंभरबोवांपासून घरात विठ्ठलाची उपासना. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरला भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी, म्हणून दुसरे लग्न झाले ते पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराच्या मुलीशी. ही जिजाबाई, जिला सासरी आवली म्हणत. मी पुणेकर असल्यामुळे या सोयरिकीचा मला उगाच अभिमान वाटतो, आणि लगेच असेही वाटते, की पुण्याने आपली एवढी एक लेक देहूस दिली आणि मग तिच्या नावाने तीनशे वर्षे टवाळी चालू दिली; पण त्याविषयी पुढे.

आईवडील गेले, सावजीची बायको गेली आणि सावजी घर सोडून तीर्थाटनास निघून गेला. आणि या सगळ्यावर शके १५५२ चा दुष्काळ आला. गुजराथ-दख्खनवर सारखाच कोसळलेला हा काळ किती भयंकर होता याची वर्णने परदेशी व्यापाऱ्यांनीही करून ठेविली आहेत. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे कसबा जाळून त्यावर गाढवांचा नांगर फिरविला आणि पहार ठोकली, म्हणजे येथे पुन्हा वस्ती होऊ नये असा जाहीर हुकूमच जमिनीवर लिहून ठेवला. देहूस रखमाबाई अन्नावाचून गेली, तिचा मुलगा संतू गेला, दिवाळे निघाले, पत गेली. तुकोबांनी आपल्या एका आत्मचरित्रपर अभंगात हे सारे ज्या शांतपणे सांगितले आहे तो शांतपणा वाचणाऱ्यास अस्वस्थ करतो: दुष्काळाने द्रव्य आटले, मान गेला, बायको अन्न अन्न करीत मेली, लाज वाटू लागली, व्यवहार तुटीत आला, आणि मग पडक्या देवळाकडे लक्ष गेले. या यादीत कोठेही आक्रोश नाही. रोजकीर्द लिहिणाऱ्या वाण्याने जमाखर्च मांडावा तशी ती मांडलेली आहे.

या काळात केव्हातरी ते भामगिरीच्या पठारावर जाऊन बसले. हेही ते स्वतःच सांगतात. सर्प-विंचू अंगाशी झोंबले, वाघाने पीडा केली, आणि पंधराव्या दिवशी देव भेटला, असा त्यांचा निरोप आहे. चरित्रकारांनी, विशेषतः ताहराबादच्या महिपतींनी अठराव्या शतकात, या पंधरा दिवसांचा मोठा देखावा उभा केला आहे. तो रम्य आहे, पण मला महिपतींच्या सुरस निवेदनापेक्षा प्रत्यक्ष जागाच अधिक बोलकी वाटते. भामचंद्राचा माथा दुरून पाहिला तर एखाद्या वाड्याच्या ढासळत्या जोत्यासारखा दिसतो. निम्म्याहून अधिक चढ साधा, गुरांच्या वाटेचा. मग एकदम काळ्या पाषाणाचा उभा कडा, आणि त्या कड्याच्या पोटात कोरलेल्या गुहा, ज्यांपैकी काहींत नीट ताठ बसताही येत नाही. सह्याद्रीतला हा दगड लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झालेला. दोन कठीण थरांमध्ये एखादा मऊ थर असतो, तो वाऱ्यापावसाने झिजून आत जातो आणि कपार तयार होते, व जेथे निसर्गाने कपार केली तेथे छिन्नीलाही काम सोपे जाते. अशा कपारीत बसलेल्या मनुष्याला समोर दिसते ते मोकळे आकाश, आणि खाली ज्या गावांत आपले देणेकरी-घेणेकरी राहतात ती गावे, हाताच्या तळव्याएवढी.

धाकटा कान्होबा भावाला शोधीत रानोमाळ हिंडला आणि अखेर येथे त्याला गाठले. दोघे भाऊ उतरून इंद्रायणीच्या काठी आले, आणि तेथे तुकोबांनी घरातली कर्जखते मागवून त्यांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबाची वाटणी कान्होबास दिली, आपली वाटणी नदीत सोडली. गाथा इंद्रायणीत बुडविल्याची आणि तेराव्या दिवशी ती कोरडी वर आल्याची कथा मुलांनाही पाठ असते. परंतु त्या आधीच्या या पहिल्या बुडवणीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पहिल्या वेळी जे बुडाले ते वर आले नाही, आणि येऊ नये अशीच बुडविणाराची इच्छा होती. दुष्काळातून वाचलेल्या गरीब कुणब्यांच्या नावावरची ती खते होती. डोंगरावरून उतरल्यावर केलेले पहिले काम हे असावे, ही गोष्ट मला कोणत्याही साक्षात्काराच्या वर्णनापेक्षा अधिक पटते. आणि त्यांनी कान्होबाचे खत बुडविले नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वैराग्य आपल्या हिश्श्यापुरतेच असावे, दुसऱ्याच्या हिश्श्यावर ते करू नये, हा हिशेब त्या वाण्याने चोख सांभाळला.

भामचंद्र हा असा संकटकाळचा डोंगर. भंडारा तसा नव्हे, भंडारा नित्याचा. पहाटे उठावे, इंद्रायणीत स्नान करावे, विठ्ठलाची पूजा करावी, नदी ओलांडून भंडाऱ्यावर जावे, ज्ञानेश्वरी-एकनाथी भागवताचे पाठ करावेत, नामदेवांचे अभंग आठवावेत, आणि दिवस कलला की उतरून देवळात कीर्तनास उभे राहावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला होता असे परंपरा सांगते. या डोंगराला उंचीचा किंवा भीषणतेचा कसलाही आव नाही. माथा सपाट, उतार सोपे, पावसाळ्यात गवत गुडघ्याएवढे, उन्हाळ्यात तेच गवत पिवळे पडून वाऱ्यावर खसखसणारे. करवंदीच्या जाळ्या, बोरी, पळस, आणि जेथे माती टिकली तेथे एखादा वड. हिमालयात गेलेला साधू परत येत नाही, निदान येऊ नये अशी लोकांची अपेक्षा असते. भंडाऱ्यावर गेलेला मनुष्य संध्याकाळी घरी येतोच, कारण घर डोळ्यांसमोर दिसतच असते. या रोजच्या चढउताराने तुकोबांच्या वाणीला जे वळण लागले त्याचा विचार आपल्या टीकाकारांनी पुरेसा केलेला नाही. त्यांच्या अभंगात एकांताची गोडी आहे आणि त्याच्या पुढच्याच अभंगात बाजारातल्या लबाड तराजूची खबर आहे. माणसांविषयीचा कंटाळा आहे आणि कंटाळा आलेल्या माणसांसाठीच जीव तुटणे आहे. एकाच दिवसात वर आणि खाली असणाऱ्या मनुष्याचे हे काव्य आहे.

आणि हा मनुष्य वर बसला असता त्याची भाकर वर कोण नेत होते? पुण्याच्या गुळव्यांची मुलगी. सकाळची कामे उरकून, पोरांचे पाहून, भाकरीचे गाठोडे डोक्यावर घेऊन ती दोन कोस चालत जाई, डोंगर चढे, नवरा या झाडाखाली की त्या कपारीत हे शोधी, आणि त्याने खाल्ल्यावर मग स्वतः खाई. वाटेत तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढावयास प्रत्यक्ष विठ्ठल आला, अशी कथा आहे. आणि तिने त्या विठ्ठलालाच दूषणे दिली, कारण तिच्या मते सारा अनर्थ त्या काळ्याने केला होता. कीर्तनकारांनी या प्रसंगावर शतकानुशतके श्रोत्यांना हसविले, आवलीला कजाग ठरविले. परंतु जो डोंगर चढला आहे आणि जो डोक्यावर ओझे घेऊन डोंगर चढला आहे, या दोघांत फरक करावयाचा असेल, तर त्या डोंगरावर तुकोबांइतकाच तिचा हक्क पोचतो असे मी म्हणेन. एकांत हा नेहमी कोणीतरी भाकर पोचविल्यावरच पुरा होतो. प्रभात कंपनीने पुण्यात १९३६ साली काढलेल्या ‘संत तुकाराम’ या बोलपटात दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांनी आणि गौरी या नटीने आवलीला जो न्याय दिला तो त्यापूर्वीच्या कोणत्याही चरित्रग्रंथाने दिला नव्हता: तिची जीभ तिखट ठेविली, परंतु तिचे प्रेमही डोळ्यांना दिसेल असे ठेविले. हा बोलपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील निवडक चित्रपटांत गणला गेला, हे सर्वश्रुत आहे. त्यातले शांताराम आठवले यांनी नव्याने रचलेले एक पद लोकांना इतके तुकोबांचे वाटले, की पुष्कळांनी ते गाथेत शोधले, ही गोष्ट त्यामानाने कमी जणांस ठाऊक असते. पुण्याच्या एका तरुण कवीला याहून मोठे प्रशस्तिपत्रक कोणते मिळणार?

आता त्या गुहांविषयी. तुकोबा ज्या कपारींत बसले त्यांपैकी पुष्कळशा माणसाने कोरलेल्या आहेत, आणि कोरणारे बौद्ध भिक्षूंसाठी कोरीत होते. घोरावडेश्वराच्या डोंगरात, ज्याला परंपरा तुकोबांचे तिसरे एकांतस्थान मानते आणि ज्याच्या लेण्यांना पुरातत्त्वज्ञ शेलारवाडीची लेणी म्हणतात, मुख्य चैत्यात आज शिवलिंग आहे व शिवरात्रीस यात्रा भरते; पण तेथल्याच एका लेण्यावर ब्राह्मी अक्षरांत एक दानलेख आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नामक नांगरधारी कुटुंबिकाची बायको सिअगुतणिका हिने, आपला मुलगा नंद यासह, हे लेणे दान दिले, असा त्याचा आशय. धेनुकाकटाचे नाव कार्ल्याच्या लेखांतूनही वारंवार येते. परंतु कार्ल्यास दाते व्यापारी, सुतार, यवन असे नाना प्रकारचे आहेत, आणि येथे मात्र शेतकऱ्याची बायको. नांगर चालविणाऱ्या कुटुंबातल्या एका स्त्रीने कोणा अनामिक भिक्षूच्या एकांतासाठी पदरचे द्रव्य खर्चून डोंगर कोरविला, आणि हजार-बाराशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर नांगराच्याच कुळातला एक कुणबी कवी त्या डोंगरावर येऊन बसला. या दोघांमध्ये परंपरेचा कोणताही सांधा दाखविता येत नाही आणि मी तो दाखवू पाहत नाही. परंतु सिअगुतणिका आणि आवली या दोघींची नावे एकापुढे एक उच्चारल्यावाचून मला त्या पायऱ्या चढता येत नाहीत.

या सांध्याचा शोध घेणारे दोन प्रचंड बुद्धिमंत याच परिसरात होऊन गेले. एक दामोदर धर्मानंद कोसंबी, जे पुण्यात राहत आणि गणिताच्या कामासाठी मुंबईस आगगाडीने ये-जा करीत. हातात काठी घेऊन पुण्याभोवतालच्या टेकड्या त्यांनी पायाखाली घातल्या, अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारे वेचली, म्हसोबा-बोल्हाईच्या ठाण्यांपासून बौद्ध लेण्यांपर्यंत जाणाऱ्या पुरातन वाटा धुंडाळल्या, आणि तुकोबांचा एकांत ज्या लेण्यांत झाला ती मूळची बौद्धांची आहेत याकडे लक्ष वेधले. दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घोरावडेश्वराच्या अलीकडेच जे देहूरोड आहे, तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आणि पंढरपूरचा पांडुरंग म्हणजे मूळचा बुद्धच होय हे आपण ग्रंथ लिहून सिद्ध करू, असे त्या प्रसंगीच्या भाषणात सांगितले. तो ग्रंथ लिहिण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. त्यांचे मत कोणास पटो वा न पटो, ज्या जागी ते बोलले ती जागा मात्र अचूक होती.

तुकोबांनी झाडे, वेली आणि वनचरे यांना आपले सोयरे म्हटले, हे आपण शाळेत शिकतो आणि पर्यावरणाच्या सभेत ऐकतो. इतके ऐकतो, की त्या शब्दाकडे पाहणेच सोडून दिले आहे. मराठीत भाऊबंद निराळे आणि सोयरे निराळे. भाऊबंद जन्माने मिळतात, आणि वतनाच्या, बांधाच्या, पाणवठ्याच्या भांडणात समोरच्या पक्षाला तेच उभे असतात. भाऊबंदकी या शब्दाचा अर्थच कलह असा झाला आहे. सोयरीक मात्र जोडावी लागते, दोन घरे एकमेकांच्या उंबऱ्यावर येतात, देणेघेणे होते, मान राखावा लागतो. महाजनकीच्या वतनदार घरात वाढलेल्या आणि वाटणीची खते हाताने नदीत सोडलेल्या मनुष्याने रानातल्या झाडाला भाऊ न म्हणता सोयरा म्हणावे, यात शब्दाची निवड आहे असे मला वाटते. पक्षी त्यांना पाहून उडाले तेव्हा, आपल्यात अजून परकेपणा आहे असे समजून ते निश्चल उभे राहिले आणि पक्षी खांद्यावर येऊन बसेपर्यंत हलले नाहीत, ही दंतकथाही याच नात्याची. सोयऱ्याच्या घरी गेल्यावर दाराशी अंमळ थांबावे लागते.

तुकोबांच्याच जन्मवर्षी, चैत्र शुद्ध नवमीस, जांबेच्या ठोसरांच्या घरी जन्मलेले रामदासही डोंगरांचे वेडे, आणि ते वेड अधिक उग्र. शिवथरघळीतल्या कोसळत्या पाण्याचे त्यांनी जे वर्णन केले आहे त्यात नादच नाद आहे. चाफळची रामघळ, हेळवाकची घळ, चंद्रगिरी, जेथे दरी खोल आणि रान घनदाट तेथे समर्थांचे मन रमे. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी परळीच्या किल्ल्यावर काढली, ज्यास पुढे सज्जनगड म्हणू लागले, आणि तेथील अंमलदारांस त्यांची व्यवस्था ठेवण्याविषयी छत्रपतींची आज्ञा होती. तुकोबांची व्यवस्था ठेवावयास फक्त आवली होती. दोन थोर कवींची तुलना करून एकास उणे म्हणणे हा आपल्याकडील जुना रोग आहे, तो मला लावून घ्यावयाचा नाही. एवढेच नमूद करतो, की एकाचे पर्वतप्रेम अखेर गडावर जाऊन स्थिरावले आणि दुसऱ्याचे कधी गडावर गेलेच नाही.

माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी आपणास मंत्र दिला असे तुकोबा सांगतात, आणि त्या दशमीस भंडाऱ्यावर दरवर्षी मोठा उत्सव होतो. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबा गेले. देहूस नांदुरकीच्या झाडाखाली आजही बीजेच्या दिवशी भर दुपारी लोक श्वास रोखून उभे राहतात. त्यांच्या अभंगांचे टिपण करणारे चाकणचे संताजी जगनाडे यांची समाधी भंडाऱ्याच्या पायथ्याजवळच्या सुदुंबऱ्यास आहे. धाकटा मुलगा नारायणबोवा याने पालखीचा सोहळा सुरू केला, आणि पुढे छत्रपतींच्या घरातून देहू, येलवाडी, किन्हई अशी गावे संस्थानास इनाम झाली. इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये खर्चास दिले आणि विष्णु परशुरामशास्त्री व शंकर पांडुरंग या पंडितद्वयाने सिद्ध केलेली गाथा १८६९ व १८७३ साली दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडली. साडेचार हजारांवर अभंग, जे तोवर डोंगर चढउतार करणाऱ्यांच्या तोंडी होते, ते कपाटात येऊन बसले. त्या आधीच, १८५८ मध्ये, पुण्यापासून खंडाळ्यापर्यंतची आगगाडी घोरावडेश्वराला वळसा घालून धावू लागली होती.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना फार आनंद होत नाही. भंडाऱ्यावर मोटार जाते. चाकणची औद्योगिक वसाहत पश्चिमेकडे पसरत पसरत भामचंद्राच्या पायाशी येऊन ठेपली आहे. २००८ च्या सुमारास शिंदे-वासुलीच्या शिवारात एका परदेशी रसायन कंपनीचे संशोधन केंद्र येऊ घातले, तेव्हा वारकरी टाळ-पताका घेऊन आडवे झाले, आणि ते केंद्र अखेर तेथे झाले नाही. डोंगराला शिबंदी मिळाली ती अशी, साडेतीनशे वर्षे उशिरा. पाया-पायाने चढणारे अजून आहेत; ज्येष्ठात तुकोबांची पालखी पुण्यास नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी मुक्कामास येते तेव्हा तिच्याबरोबरच्या एखाद्या म्हाताऱ्याला भामगिरीविषयी विचारून पाहावे, तो सिंहगडाविषयी सांगणाऱ्या पुणेकराहून अधिक बारकाईने सांगतो.

गेल्या कार्तिकात मी एकटाच भामचंद्रावर गेलो होतो. वर गुहेशी एक पोरगा शेळ्या वळीत होता. मी दम खात बसलो, पूर्वेकडे चाकणच्या दिशेने दिवे लागू लागले ते पाहिले, दक्षिणेस भंडाऱ्याची सपाट रेघ अंधारात बुडत होती तीही पाहिली, आणि या जागी पंधरा दिवस म्हणजे नक्की किती, याचा अंदाज बांधू लागलो. पोराने शेळ्या हाकीत हाकीत विचारले, ‘बाबा, मुक्काम का?’ खाली चाकणास जाणाऱ्या शेवटच्या एस.टी.ला जेमतेम तासाभराचा अवकाश होता. मी नाही म्हणालो, चपलांत शिरलेली कुसळे काढली आणि त्याच्या शेळ्यांच्या मागोमाग उतरू लागलो.